निळ्या सुताच्या गाठी

अग्बोझुमेत रात्री तीनला जागे असतात
खाजणावरचे मीठवाले, एखादा चुकार कोंबडा, आणि मी.

मी सेलोर्म. पट्ट्या विणतो, चार बोटं रुंद.
त्या शिवून कापड करणारा दुसरा असतो.
माझं रक्त मात्र आईबापांनीच जोडून दिलं:
तिच्याकडून एक विळा, त्याच्याकडून एक.
ती दोघं ठणठणीत.
एकटा विळा सहसा कुणाला कापत नाही.

लहानपणी दुखायची ती हाडं.
हाडांचं सांगता येतं.
"गुडघा" म्हटलं की आई तेल गरम करायची.
हे सुरू झालं चोविसाव्या वर्षी,
आणि त्या जागेचं नाव
आमच्या घरात कुणी घेत नाही.

झोपेत येतं.
स्वप्न नाही, कुणाची आठवण नाही,
इच्छा तर नाहीच नाही.
नुसता ताठा आणि ठणका,
जसा ओल्या सुतात धोटा रुतावा
आणि पुढेही जाईना, मागेही येईना.
तासभर. कधी दीड तास. मग उतरतं.
सकाळी मागावर बसलो की शेजारचा म्हणतो,
सेलोर्म, आज नक्षी वाकडी का रे?

मामाला सांगून पाहिलं. मामा हसला:
"लोक यासाठी पैसे मोजतात, वेड्या!"
पाद्रींनी उपास सांगितला, तीन दिवस, पाण्यावाचून.
त्या तीन रात्रींत चार वेळा आलं.
तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही स्वतःच्याच रक्ताचा.

मग मी निळ्या सुताला गाठी मारू लागलो.
छोट्या रात्रीला एक,
लांबलेल्या रात्रीला दुहेरी.
कुणाला दाखवायच्या, ते ठरलं नव्हतं.

आणि एका रात्री उतरलंच नाही.
चार वाजले, पाच वाजले, उजाडलं.
पहिल्या ट्रोट्रोत मांडीवर पोतं घेऊन बसलो,
पोत्यात काहीच नव्हतं.

डॉक्टर जिफा आमेनुवोर यांनी सुई घातली.
जे निघालं ते खाजणातल्या गाळासारखं काळं.
मग थंडगार औषध, मग हळूहळू सुटका.
त्यांनी विचारलं, "याआधी कधी? किती वेळा?"
सगळ्या वॉर्डात ऐकू जाईल असं,
जसं खोकल्याबद्दल विचारतात तसं.
माझा अर्धा आजार तिथेच उतरला.

मी खिशातून सूत काढलं.
त्यांनी ते उजेडात धरून बोटांनी मोजलं,
एकवीस, त्यांतल्या सहा दुहेरी.
म्हणाल्या, "इतकी स्वच्छ केसपेपरची नोंद
मी पाहिली नाही."

मग समजावलं:
रक्त आत शिरतं, परतीच्या वाटेवर विळे एकमेकांत अडकतात.
"आता पुरे" हा निरोप शिरांना जायला हवा,
तो तुझ्यात वाटेतच विरतो.
शाप नाही. पाप नाही. वाहतूक आहे.

रोज एक कॅप्सूल, विळे थोडे गोल राहावेत म्हणून.
झोपताना एक गोळी.
पाणी भरपूर, आणि निजण्यापूर्वी लघवीला जाऊन यायचं.
आलंच तर उठायचं, चालायचं, कोमट पाण्यात बसायचं.
"चार तासांची वाटसुद्धा बघू नकोस.
दोन तासांत उतरलं नाही तर इकडे निघ.
लाजेपायी थांबलास, तर आतलं मांस कायमचं मरतं."

गोळी कधी संपते, अफ्लाओपर्यंत जावं लागतं.
कधी सगळं करूनही येतं.
पण गेल्या महिन्यात गाठी दोनच.

काल रात्री चालत होतो
तर मिठाच्या ढिगाऱ्यांमधून कुणी येत होतं,
वाकून, पाय फाकून, कमरेच्या कापडाचा बोंगा मुठीत धरून.
पोती भरणारा यावो. तिशीचा असेल.
ती चाल मला आईच्या चालीइतकी ओळखीची.

पाण्याची बाटली पुढे केली.
"कुठे दुखतंय?"
तो ढिगाऱ्याकडे बघत राहिला.
"गुडघा," म्हणाला.

"बरं, गुडघा," मी म्हटलं, आवाज मुळीच न उतरवता.
"किती तास झाले गुडघ्याला?"